चार गळांची रिग अशी ठेवा की काढताना सरळच निघेल

उजाडायच्या आधीची वेळ असते, समोर पाण्यात बारक्या माशांचा थवा खळबळ करतोय, त्यांच्यामागे मोठे लागलेत हे दिसतंय, आणि तुम्ही बॅगेतून रिग, म्हणजे मासे धरायच्या दोरीला गळ, स्विव्हल बांधून केलेली तयार जोडणी, काढता तर तिचा गोळा झालेला. एक गळ दुसऱ्याच्या दोरीत, तिसरा पिशवीच्या कोपऱ्यात रुतलेला, स्विव्हल (दोरी जोडायची गरगर फिरणारी कडी) एका फासातून दोनदा फिरून आलेलं. टॉर्च तोंडात धरून ते सोडवायचं, तोवर पाणी शांत होतं आणि थवा पुढे गेलेला असतो. माझ्या अशा बऱ्याच सकाळी वाया गेल्यात, आणि मग कळलं की हा गुंता बॅगेत होतच नाही, तो आदल्या वेळी घरी निघायच्या घाईत आपण रिग कशी गुंडाळली तिथे झालेला असतो, बॅगेत तो फक्त आवळला जातो.

म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. एका गळाची रिग कशीही ठेवली तरी चालून जातं, पण दोन-तीन गळांची पॅटरनॉस्टर (खाली शिसं आणि वर बाजूला गळ असलेली रिग) असो, पाच-सहा बारीक पिसांच्या गळांची साबिकी असो, तिथे प्रत्येक गळ म्हणजे एक मोकळा आकडा आहे आणि त्याला अडकायला जवळच दोरी आहे. मधल्या मुख्य दोरीतून बाजूला ज्या छोट्या दोऱ्या निघतात त्यांना कोणी स्नूड म्हणतं कोणी ड्रॉपर म्हणतं, मी इथे फांदी म्हणतो, सोपं पडतं.

गुंता होण्याची कारणं मोजून तीन आहेत. गळाचं टोक मोकळं राहणं, दोरी ढिली राहणं, आणि दोरीत पीळ साचणं. पहिली दोन सगळ्यांना माहीत असतात, तिसऱ्याकडे कोणी बघत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ तिसऱ्यानेच होतो. त्यावर पुढे येतो.

आधी बांधणीचं बघू, कारण काही रिग अशा बांधलेल्या असतात की कितीही नीट ठेवा त्या गुंतणारच. दोन फांद्यांमधलं अंतर आणि फांदीची लांबी यांचं गणित जमायला हवं. समजा दोन फांद्यांच्या गाठींमध्ये ४५ सेंटिमीटर अंतर आहे आणि प्रत्येक फांदी ३० सेंटिमीटर, तर वरचा गळ खाली आला आणि खालचा वर गेला की दोघं आरामात एकमेकांना गाठतात. तेच फांदी २० ठेवली तर दोन्ही मिळून ४० होतात, ४५ च्या आतच राहतात, आणि मग गळाला गळ लागायची शक्यताच उरत नाही, पाण्यातही नाही आणि गुंडाळतानाही नाही. म्हणजे फांदी अंतराच्या निम्म्याहून थोडी कमी, एवढंच लक्षात ठेवा. साबिकीत फांद्या इतक्या आखूड असतात त्यामागे हेच आहे. लांब फांदीची मुद्दाम गरज असेल तर ठेवा, पण मग अशा रिगला गळ दोनच ठेवा. आणि फांदीचा तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, अगदी केसासारखा बारीक नको, जरा ताठ असला की तो मुख्य दोरीपासून लांब उभा राहतो, बारीक मऊ तंगूस लगेच मुख्य दोरीला वेढे घालतो.

आता ठेवायचं कशावर. माझा अनुभव सांगतो की फोमच्या गोल चकतीला तोड नाही. बाजारात विंडर नावाने मिळतात, तळहाताएवढी चकती असते, कडेला दोरी बसायला खाच असते आणि गळ टोचायला फोम. घरीही होतं. रबरी चपलेचा जुना तळ, योगा मॅटचा तुकडा दोन-तीन थर चिकटवून, नाहीतर पोहायला शिकताना धरतात ती फोमची लांब नळी असते तिचे दहा-पंधरा सेंटिमीटरचे तुकडे. एसीच्या पाइपवर चढवतात ती काळी नळीसुद्धा चालते. फोम घट्ट हवा, पाणी न पिणारा. उशीतला किंवा भांडी घासायचा स्पंज घेऊ नका, तो पाणी धरून ठेवतो आणि गळ आतल्या आत गंजतात.

पुठ्ठ्याच्या चौकोनी कार्डावर गुंडाळायची सवय बऱ्याच जणांना असते, मला ते पटत नाही. प्रत्येक कोपऱ्यावर तंगूस मोडतो, महिनाभराने काढला की नागमोडी झालेला असतो, आणि नागमोडी दोरीत फास पडायला वेळ लागत नाही. नायलॉनला आठवण असते, ज्या आकारात राहिला तो आकार धरतो. जाड तंगूस आणि फ्लोरोकार्बनची (नायलॉनऐवजी वापरतात ती ताठ दोरी) तर जास्तच हट्टी. म्हणून गोल हवं आणि जितकं मोठं गोल परवडेल तितकं मोठं. सात सेंटिमीटरपेक्षा लहान चकती मी वापरत नाही, जाड दोरीला दहाची.

गुंडाळायची पद्धत आता हाताशी घेऊन सांगतो, कारण इथेच सगळं आहे.

सुरुवात खालच्या टोकाने करायची, म्हणजे जिथे शिसं (रिग खाली नेणारं वजन) लावतो त्या क्लिपने. शिसं आधी काढून वेगळं ठेवा, शिशासकट रिग कधीच गुंडाळू नका, ते वजन बॅगेत इकडेतिकडे होतं आणि सगळे वेढे ढिले करतं. क्लिप चकतीच्या कडेला ब्लेडने दिलेल्या चिरेत अडकवा. सुरुवात खालून का तर पुढच्या वेळी काढताना जे शेवटी गुंडाळलं ते आधी हातात येतं, आणि आपल्याला आधी हवं असतं वरचं स्विव्हल, ते रॉडच्या दोरीला जोडलं की बाकीची रिग ताणावर एकेक वेढा सुटत जाते आणि शिसं सगळ्यात शेवटी लागतं. उलटं गुंडाळलंत तर अख्खी रिग मोकळी हातात लोंबत असताना स्विव्हल शोधायला लागतं, आणि मोकळे चार गळ वाऱ्यात काय करतात ते सांगायला नको.

क्लिप अडकली की चकती फिरवा. दोरी चकतीभोवती फिरवू नका, चकती फिरवा. दुसऱ्या हाताच्या अंगठा आणि बोटामधून दोरी हलकी दाबून सोडत राहा म्हणजे ताण सारखा राहतो. पहिल्या फांदीची गाठ आली की थांबा. फांदी मुख्य दोरीला लागूनच त्याच दिशेने खाचेत घ्या आणि दोन्ही मिळून गुंडाळत जा, फांदी संपून गळ हातात येईपर्यंत. मग गळ चकतीच्या सपाट बाजूला टोचा. कसा टोचायचा तर फांदी ओढली गेली की टोक फोममध्ये अजून आत जायला हवं, बाहेर नाही. माशाच्या तोंडात गळ जसा बसतो तसाच. टोक पूर्ण आत जाऊ द्या पण उलटा काटा फोममध्ये खोल घुसवू नका, काढताना फोम फाटतो आणि दहा वेळा वापरल्यावर तिथे गळ धरतच नाही. टोचून झालं की फांदीला बोटाने हात लावून बघा, तार छेडल्यासारखी किंचित ताठ लागली पाहिजे. लोंबत असेल तर गळ काढून अर्धा सेंटिमीटर पुढे टोचा. एवढी एक गोष्ट नीट केली तरी निम्मा गुंता टळतो, कारण ढिल्या फांदीचा छोटासा फास हाच पुढे शेजारच्या गळाला सापडतो.

मग परत मुख्य दोरी, दुसरी फांदी, तिसरी, सगळं तसंच. गळ एकाच जागी टोचू नका, घड्याळाच्या आकड्यांसारखे पसरून टोचा. शेवटी स्विव्हल आलं की त्याच्यासाठी दुसरी चीर, किंवा स्विव्हलच्या नेढ्यातून एक टाचणी ओवून ती फोममध्ये टोचा, किंवा रबर बँड. रबर बँड उन्हात चिकट होतो म्हणून मला टाचणी बरी वाटते, मोठ्या रंगीत डोक्याची घ्या म्हणजे अंधारात दिसते आणि टोक फोमच्या आरपार बाहेर येणार नाही एवढीच लांब.

ताण किती हा प्रश्न येतोच. बोटाने वेढा बाजूला सरकवता आला पाहिजे पण आपोआप सरकायला नको. खूप आवळलंत तर दोरी एकमेकींवर दाबून चपटी होते, गाठीच्या जवळ खाचा पडतात.

आता तो पीळ. दोरी एका जागी स्थिर असलेल्या वस्तूभोवती हाताने फिरवली की प्रत्येक वेढ्याला दोरीत एक पीळ जातो. काढताना जर तुम्ही चकती फिरवून काढली तर तो पीळ दोरीतच राहतो. वीस वेढे असतील तर वीस पीळ, आणि ते सगळे फांद्यांमध्ये जाऊन बसतात, मग पाण्यात टाकल्या टाकल्या फांदी मुख्य दोरीला गुंडाळली जाते आणि माणूस म्हणतो प्रवाह होता. प्रवाह नव्हता, पीळ होता. नियम एकच, जशी गुंडाळली तशीच काढा. चकती फिरवून गुंडाळली तर चकती फिरवूनच काढा. मी प्रत्येक चकतीवर मार्करने एक बाण काढून ठेवतो, गुंडाळायची दिशा, म्हणजे अर्धवट काढलेली रिग परत गुंडाळतानाही दिशा चुकत नाही. पीळ साचला आहे का हे बघायचं असेल तर वरचं स्विव्हल हातात धरून रिगला खाली शिसं लावा आणि उंचावरून मोकळी लटकवा. शिसं स्वतःभोवती फिरायला लागलं तर पीळ आहे, फिरून फिरून थांबेपर्यंत तसंच धरून ठेवा. स्विव्हल पीळ काढतं हे खरं पण दोरीवर ताण असेल तेव्हाच, ढिल्या दोरीत ते नुसतं बसून असतं.

विंडर नसेल किंवा खूप रिग न्यायच्या असतील तर झिपच्या पिशव्यांचं पाकीट चांगलं, एका पिशवीत एकच रिग, यात तडजोड नाही. दोन रिग एकत्र टाकल्या की सहा गळ एकत्र आले. पिशवीत टाकायच्या आधी प्रत्येक गळाचं टोक झाका, शीतपेयाच्या स्ट्रॉचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापून ते उभे चिरायचे आणि गळाच्या वाकावर चढवायचे, किंवा सगळे गळ ओळीने एका फोमच्या पट्टीला टोचायचे, मला पट्टी जास्त आवडते कारण गळ क्रमाने राहतात. मग चार बोटांभोवती दोरीची लड करायची, शेवटचं टोक लडीभोवती चार-पाच वेळा गुंडाळून शेवटी लडीच्या आतून काढायचं. लड पिशवीत सपाट ठेवायची आणि हवा काढून झिप लावायची, हवा राहिली तर लड आत हलते. इथे वेढे हाताने फिरवलेले असतात म्हणून सोडतानाही लड हातात स्थिर धरून एकेक वेढा वरून उचलायचा. दोन्हीकडची टोकं धरून ओढलीत तर संपलं.

पिसांच्या बारीक गळांना थोडी वेगळी काळजी. पिसं आणि माशाच्या कातड्याचे तुकडे चुरगळले की पाण्यात नीट हलत नाहीत, म्हणून गळ खाचेत न घेता चकतीच्या सपाट बाजूला पिसं बाहेरच्या दिशेने पसरतील असे टोचा. सहा गळांना मोठी चकती किंवा फोमच्या नळीचा लांब तुकडा लागतो. विकत घेतलेल्या साबिकीचं कार्ड मी फेकत नाही, त्यावर खाचा योग्य अंतरावर असतात, आणि ती पहिल्यांदा काढताना कशी लावली होती ते नीट बघून ठेवलं तर परत लावता येते. नेहमी साबिकीच वापरणाऱ्यांसाठी पोकळ रॉड येतो, दोरी त्याच्या आतून जाते आणि रीळ फिरवली की अख्खी रिग रॉडच्या पोटात. बोटीवरून आमिषाचे मासे पकडणाऱ्यांना तो घ्यावासा वाटेल, किनाऱ्यावरून टाकणाऱ्याला गरज नाही असं माझं मत.

एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना काय? दोन मिनिटांचं तर अंतर म्हणून रिग रॉडवरच लोंबत नेतात आणि तिथेच झाडाझुडपात, कपड्यात, माणसांत गळ जातात. शिसं काढा, सगळ्यात खालचा गळ रीळजवळच्या हुक कीपरला (गळ अडकवायच्या छोट्या कडीला) लावा, रीळ फिरवून दोरी हलकी ताणा, आणि मधले गळ रॉडला लागून आहेत तिथे वेल्क्रोची पट्टी किंवा ओल्या कापडाची घडी गुंडाळा. रॉडवर दोरी ज्यांतून जाते त्या कड्यांच्या आतल्या गुळगुळीत रिंगला गळ अडकवू नका, तिथे ओरखडा पडला की तो पुढे प्रत्येक फेकीला दोरी सोलतो आणि दोरी का तुटते हे कळत नाही. अडकवायचाच असेल तर कड्याच्या पायाला अडकवा. बोटीत कठड्याला फोमची नळी चिरून बसवली तर गळ क्रमाने तिच्यात टोचून रिग तात्पुरती ठेवता येते, हे फार सोयीचं आहे.

घरी आल्यावरचं काम कंटाळवाणं असतं पण टाळू नका. आमिषाचे तुकडे गळावर राहू देऊ नका, वाळले की निघत नाहीत आणि मुंग्या येतात. खाऱ्या पाण्यात वापरलेली रिग चकतीसकट गोड्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, कारण फोमच्या भोकांत मीठ बसतं आणि गळ नेमका टोकापासून गंजतो, म्हणजे जिथे धार हवी तिथूनच. मग झटकून सावलीत वाळवा, रात्रभर. उन्हात नको, नायलॉन उन्हाने कमजोर होतो, गाडीच्या काचेमागे ठेवलेल्या रिगचं तेच होतं. ओली रिग बंद पिशवीत घालणं म्हणजे गंजाला घर करून देणं, आणि एका गंजक्या गळाचा डाग शेजारच्या नव्या गळांवरही जातो. पाकिटात बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. वाळल्यावर प्रत्येक गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं ओढून बघा, रुतलं तर धार आहे, घसरलं तर गळ बदला. दोरीवरून नख फिरवा, खरखरीत लागलं किंवा कुठे आपोआप बसलेली गाठ दिसली तर ती फांदी कापून नवी बांधा, अशा गाठीवर दोरी फार लवकर तुटते.

चकतीवर मार्करने लिहा किती गळ, कोणत्या नंबरचे, दोरी किती ताकदीची, कधी बांधली. पिशवीत चिठ्ठी टाकत असाल तर पेन्सिलने लिहा, ओली झाली तरी पुसत नाही. गळाचा नंबर पाकिटावर जसा आहे तसाच उतरवा, कारण जपानी गळांमध्ये नंबर वाढला की गळ मोठा होतो आणि इतर बऱ्याच गळांमध्ये उलटं, नंबर वाढला की गळ लहान, १/० पासून पुढे परत मोठा. दोन्ही प्रकारचे वापरत असाल तर हा घोटाळा नक्की होतो.

आणि एवढं करूनही गुंता झालाच तर आधी शिसं काढा. ओढू नका, कुठलंच टोक ओढू नका, ओढल्याने जे नुसतं अडकलंय त्याची गाठ होते. गोळा एखाद्या फिक्या रंगाच्या गुळगुळीत ट्रेवर ठेवा, टॉवेलवर नको, त्यात गळ रुततात. जो गळ दिसेल त्याच्या टोकावर लगेच फोमचा किंवा खोडरबराचा तुकडा लावा, म्हणजे तो नवीन काही धरणार नाही. मग फास बाहेरच्या बाजूला सैल करत न्या, गोळा मोठा आणि मोकळा होऊ द्या, आणि सगळ्यात मोकळा गळ शोधून तो आला त्या वाटेने परत न्या. घट्ट गाठीत दोन टूथपिक घालून ती उघडते. पाच मिनिटांत सुटलं नाही तर एक फांदी कापा, मुख्य दोरीला हात लावू नका, बहुतेक वेळा एकच गळ सगळ्याला धरून बसलेला असतो आणि तो कापला की बाकीचं आपसूक सुटतं. कापलेला तंगूस मात्र तिथेच पाण्यात किंवा किनाऱ्यावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायात आणि कासवांच्या मानेला तो अडकतो, मी स्वतः एका बगळ्याच्या पायातून तो सोडवलाय आणि त्याचा पाय सुतळीसारखा बारीक झाला होता. झाकणाची एक छोटी बाटली बॅगेत ठेवा, दोरीचे तुकडे आणि जुने गळ तिच्यातच जाऊ द्या, घरी आल्यावर तंगूस कात्रीने बारीक कापून मगच कचऱ्यात टाका.